नारळ आधी फोडला

२८ सप्टेंबर २०२५, रविवार

आज सकाळी मी रोह्याच्या धावीर महाराजांसाठी घेतलेला नारळ एका बोटीवर फोडला.

पेणहून सकाळच्या गाडीने रोह्याला गेलो होतो. पिशवीत नारळ होता, कारण नवरात्र चालू आहे आणि रोह्यात जाऊन देवळात न जाणं मला जमत नाही. पण आधी नीलकंठ सरांच्या वाडीकडे वळलो. सर कॉलेजात भूगोल शिकवायचे. गेली बावीस वर्षं त्यांच्या घरचा गणपती आमच्या रामवाडीच्या कारखान्यातून जातो. यंदा मूर्ती न्यायला आले तेव्हा म्हणाले, "पुंडलिक, गुडघे गेले. आता बोट विकायची." मी हाताचा रंग पुसत म्हणालो, "मला बघू द्या." असं का म्हणालो ते महिनाभर विचार करूनही नीट सांगता येत नाही.

बोट कुंडलिकेच्या काठी आंब्यांच्या सावलीत सहा लोखंडी टेकूंवर उभी आहे. शिडाची, फायबरची, अठ्ठावीस फूट लांब, छत्तीस वर्षं जुनी. सर आणि त्यांच्या पत्नी लतिकाबाई तिच्यातून मालवणपर्यंत जाऊन आलेले आहेत, आत राहून, आत रांधून. डोलकाठी उतरवून बाजूला आडवी ठेवली आहे. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, 'उर्वी' लिहिलंय. त्यांच्या मुलीचं नाव. तीन वर्षांत बोटीला पाणी लागलेलं नाही.

मी नाळेसमोर उभा राहिलो आणि वडिलांचा मीठ वाहायचा मचवा आठवला. त्याचीही मान अशीच वर असायची. मग हात आपोआप पिशवीत गेला. कुंकू लावलं, नारळ फोडला, हात जोडले. सर काहीतरी सांगायला तोंड उघडत होते, ते तसेच थांबले. म्हणाले, "पूजाच केलीत की." मग त्यांनी खुर्ची ओढली आणि बोटीच्या उजव्या अंगाला, मधल्या टेकूला पाठ लावून बसले. लतिकाबाईंनी चहा आणला.

परत येताना महाराजांना नुसताच नमस्कार केला. ते समजून घेतील.

३० सप्टेंबर, मंगळवार

चूक काय झाली ती लिहून ठेवतो.

आमच्या धंद्यात मूर्ती साच्यातून निघाली, वाळली, की बोटाच्या पेराने ठोकून बघतात. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो. आत ओल असेल, चीर असेल, तिथे बद्द. कानाला एकदा सवय झाली की डोळे मिटूनही कळतं. पण हे सगळं डोळ्यांच्या आखणीआधी. डोळे काढले की मूर्ती बघायला लागते. मग तिच्या अंगावर ठोकायचं नाही. हे मला कोणी शिकवलेलं नाही, कारखान्यात सगळे तसंच करतात.

फायबरचे साचे मी स्वतः करतो. त्यातही थर सुटले की आवाज बद्द होतो. म्हणजे जुनी फायबरची बोट कशी बघायची हे मला पेणमधल्या कुणाहीपेक्षा जास्त कळतं. आणि मी आधी पूजा करून बसलो. आता तिच्यावर ठोकायला हात धजत नाही.

बायकोला, सगुणाला, सांगितलं. ती वाती वळत होती. म्हणाली, "म्हंजे पोरगी बघायला गेलात नि तोंड बघायच्या आधी अक्षता टाकून आलात."

मी तिच्याकडे कापूस सरकवला.

"आत शेगडी हाय काय?" तिने विचारलं.

"दोन बर्नरची."

"नि झोपायची फळी किती रुंद?"

मला माहीत नव्हतं. तिचा विरोध आहे हे उघड आहे. बाईमाणूस सरळ नको म्हणत नाही, असे प्रश्न विचारतं.

५ ऑक्टोबर, रविवार

पुन्हा रोहा. ठोकल्याशिवाय जेवढं बघता येतं तेवढं बघितलं.

आधी इंजिनावर हात ठेवला. गार होतं. सर हसले, "मी आधी गरम करून ठेवीन असं वाटलं का?" मी म्हणालो, "सर, सवय आहे. मूर्ती ओली असली तर लोक पंखा लावून ठेवतात." त्यांनी चालू केलं. चौथ्या झटक्याला लागलं. धूर आधी काळा, मग निवळला.

डोलकाठीच्या तारांसाठी घरून सगुणाचा वातींचा कापूस नेला होता. कापूस तारेवरून हळूहळू ओढत गेलो. जिथे एखादा धागा तुटून वर आलाय तिथे कापूस अडकतो. दोन तारांवर अडकला. नुसत्या डोळ्यांना काहीही दिसत नव्हतं. सर जवळ येऊन बघत राहिले. म्हणाले, "चाळीस वर्षं बोटी वापरल्या, हे सुचलं नाही."

आतली फळी उचलली तर तळाला तांब्याभर पाणी होतं. मी बोटाचं टोक बुडवून चाखलं. लतिकाबाई "अहो, अहो" म्हणाल्या. पण मी मिठागरात वाढलोय. पाणी गोडं होतं, धुळीची चव होती. म्हणजे समुद्राचं नाही, वरून पावसाचं आलेलं. शोधलं तर डाव्या खिडकीची रबरपट्टी फाटलेली. ती बदलता येते. खालून आलेलं पाणी असतं तर गोष्ट वेगळी.

तळाचा जड कणा बोटीला ज्या बोल्टांनी धरलाय ते बघितले. मोठ्या मूर्तीत सळई गंजली की वर तांबूस ओघळ येतो, तसा ओघळ एकाच बोल्टाला होता. खरवडला तर खाली लोखंड पक्कं. अनवाणी होऊन डेकवर टाचा दाबत फिरलो. कुठे दबलं नाही.

तारा बघून झाल्यावर सर परत त्यांच्या खुर्चीवर. ऊन अंगावर आलं तरी उठले नाहीत. मी म्हणालो, "खुर्ची सावलीत घेऊ?" म्हणाले, "नको, इथेच बरं वाटतं." म्हातारपणी माणसाला जागेची माया होते.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज सोबत प्रविण होता. आमच्या कारखान्यात साच्यांचं फायबर तो ओततो. मी त्याला अडचण सांगितली. म्हणाला, "पूजा तुम्ही केली, मी कुठं केली? मी ठोकतो." मला पटलं. मी लांब आंब्याखाली उभा राहिलो, म्हणजे माझ्याकडे पाप नको.

प्रविणने पाठीमागून सुरुवात केली. वीतभर अंतराने ठोकत गेला. "हा कसा?" "चांगला." "हा?" "चांगला." कान मात्र माझेच. नाळेपर्यंत आला, कुंकवाच्या जागीही ठोकलंन. मी मनात माफी मागितली. रंगाखाली हरभऱ्याएवढे चारपाच फोड निघाले, ते वरच्यावर आहेत. उजव्या अंगाला मधल्या टेकूपाशी सर बसले होते. प्रविण म्हणाला, "सर, जरा उठता?" सर म्हणाले, "टेकूची फळी आहे तिथे. लाकूड ठोकून काय कळणार?" तेही खरंच. प्रविण पुढे गेला.

सगुणाही आली होती, आपणहून. म्हणाली रोह्याला मला काम हाय. पण तिने कसलंच काम केलं नाही. शिडं उघडून बसली आणि शिवणीच्या दोऱ्याला नख लावलं. दोरा तुटला. दुसरीकडे लावलं, तिथेही तुटला. "कापड बरं हाय," ती म्हणाली, "दोरा मेलाय. उनाने. सगळी शिवण उसवून परत मारायला लागंल."

"कोण मारणार एवढी?" मी विचारलं.

"माजी मशीन काय गंजली काय?"

मग लतिकाबाई तिला आत घेऊन गेल्या. तासभर दोघी आत. एकदोनदा हसण्याचा आवाज आला. लतिकाबाई तिची समजूत घालत असाव्यात. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात सुतळी होती, तिला तीन गाठी मारलेल्या. मी विचारलं हे काय. म्हणाली, "काय नाय."

गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "सगळं बघून झालं. बोट चांगली आहे."

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुमी नाय ठोकलं."

"प्रविणने ठोकलं."

"प्रविण मोबाइल बघत मूर्त्या ठोकतो. मी त्याच्या हातावर समुद्रात जायची नाय."

समुद्रात तिला कोण नेतंय, मी मनात म्हटलं. मी एकट्यानेच जायचं ठरवलं होतं, हरिहरेश्वरापर्यंत, पहिल्यांदा. तिचं नाव घ्यायची हिंमत मी केलीच नव्हती.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

सगुणाचा भाऊ येऊन गेला. जेवणं झाल्यावर ती निवांत बसली होती. मी सहज म्हणालो की सरांना आता हो सांगून टाकतो.

ती म्हणाली, "मामंजींच्या मचव्याचं सांगा."

"तुला माहीत आहे ते."

"तुमच्या तोंडानं सांगा."

वडील काळुराम, मिठाचे तांडेल. धरमतरच्या खाडीतून शिडाच्या मचव्याने मीठ मुंबईला न्यायचे. मी बारा वर्षांचा होतो. नारळी पुनवेला मचव्याची पूजा झाली, खाडीला नारळ दिला. दुसऱ्या दिवशी पाणी उपसताना वडिलांच्या पायाला एक फळी मऊ लागली. ते आईला म्हणाले ते मी ऐकलं आहे: "कालच पूजा झालेय. आता खोट काढायची म्हंजे देवाची खोट काढायची. शिमग्याला बघू." शिमगा यायच्या आधी खाडीच्या तोंडाशी मचवा बसला. माणसं पोहून निघाली. मीठ पाण्यात परत गेलं. वडिलांनी पुन्हा शीड उभारलं नाही. पेणला येऊन माती मळायला लागले, आणि म्हणून मी मूर्तिकार झालो.

एवढं सांगितलं. मी आजवर ही गोष्ट नशिबाची म्हणून सांगत आलो.

सगुणा म्हणाली, "मंग?"

"मग काय?"

तिने ताट उचललं. "तुमी लय शिकलेले," म्हणाली आणि मोरीकडे गेली.

मी सातवी शिकलोय.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दोन दिवस डोक्यात तेच. फळी मऊ लागली तेव्हा वडील देवाला भ्यायले, की काय निघेल त्याला भ्यायले? आणि मी?

नारळ फोडला तो भक्तीने, यात खोटं नाही. पण त्यात अर्धी घाईही होती. बोट आवडली होती. आवडलेल्या गोष्टीत वाईट काही ऐकू येऊ नये म्हणून आपण तिला देव करतो की काय, असं आज दिवा लावताना वाटलं. देवाला विचारलं. वात जरा पुढे सारली.

पण हात अजून उचलवत नाही. हे कुणाला सांगितलं तर हसतील.

३० ऑक्टोबर, गुरुवार

सगुणाला सांगितलं, ती हसली नाही. शिडाचं कापड मशीनवर होतं (लतिकाबाईंनी शिडं तिच्याकडे पाठवलीत, मला न विचारता). पाय न थांबवता म्हणाली, "गणपती पाण्यात सोडायच्या आधी काय करतात?"

"उत्तरपूजा."

"मंग करा की. पूजा तुमी घातली, तुमीच उतरवा."

मी तीस वर्षं गणपती घडवतोय आणि हे मला सुचू नये. उत्तरपूजा करायची, अक्षता वाहायच्या, परत या म्हणायचं, आणि मूर्ती जागची जराशी हलवायची. हलली की देव निघाला. मग ती माती. मातीला हात लावायला कसली भीती?

२ नोव्हेंबर, रविवार

सविस्तर लिहितो.

सकाळी वाडीत आम्ही चौघं आणि प्रविण. मी सरांना सांगितलं, उत्तरपूजा करायची आहे. सर म्हणाले, "बोटीची?" लतिकाबाई म्हणाल्या, "करा हो. काही बिघडत नाही."

नाळेला हळदकुंकू, फूल, गूळखोबरं. अक्षता वाहिल्या. "पुनरागमनाय च" म्हणालो. आता हलवायची. चार टनांची बोट हलणार कशी? प्रविण म्हणाला, एक टेकू सैल करू, दुसरा आधी शेजारी लावून. केसभर हलली तरी हललीच.

"कुठला टेकू?" त्याने विचारलं.

मूर्ती आपण उजव्या हाताला हलवतो. मी म्हणालो, "उजव्या अंगाचा मधला."

सर खुर्चीवर होते. उठले नाहीत. लतिकाबाई म्हणाल्या, "अहो, उठा आता." त्या 'आता'वर त्यांनी जोर का दिला हे मला नंतर कळलं. सर उठले, खुर्ची स्वतः उचलून आंब्याखाली नेली.

प्रविणने शेजारी दुसरा टेकू घट्ट केला, मग हा सैल केला. बोट जराशी कुरकुरली. देव निघाला. टेकूची फळी बाजूला झाली आणि तिच्याखाली रंगाचा एक वेगळा पट्टा दिसला, ताटाएवढा. मी पेर वाकवून ठोकलं.

बद्द.

बाजूला ठोकलं, खणखणीत. परत मध्ये, बद्द. कपाळ टेकवलं तर गार आणि ओलसर. मला राग आला नाही. उलट छाती मोकळी झाली, इतके दिवस कुणीतरी तिथून हाक मारत होतं आणि आता ऐकू आलं तसं.

सर म्हणाले, "कोर्लईचा खडक लागला. अकरा वर्षं झाली. गाडीच्या पत्र्याला लावतात ती लांबी भरली आणि रंग मारला. हिला कळू नये म्हणून."

"मला कळू नये?" लतिकाबाई म्हणाल्या. "मी आत पोहे परतत होते. कढई माझ्या पायावर आली. मला वाटलं तरी काय असेल, मासा धडकला?"

"मग बोलली नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. अकरा वर्षं."

सगुणा पदर तोंडाला लावून आंब्यामागे गेली.

सर माझ्याकडे वळले. "पहिल्याच दिवशी सांगणार होतो, पुंडलिक. तोंड उघडलं आणि तुम्ही नारळ फोडलात. हात जोडून उभ्या माणसाला काय सांगायचं? त्यानंतर रोज अवघड होत गेलं."

म्हणजे एका नारळाने दोन माणसांची तोंडं बंद केली. मी त्यांच्या पाया पडलो. ते म्हणाले, उलटं व्हायला हवं. मग चहा झाला. किंमत त्यांनी आपणहून कमी केली, मी नको म्हणालो नाही. पण हो-नाही मात्र आज दिलं नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

घ्यायची का? ठेच लागलेली, बुजवलेली, छत्तीस वर्षांची बोट.

ती जागा कापून उघडली तर किती खोल निघेल ते सांगता येत नाही. उघडूनच बघायला हवं.

सगुणा शिवणीवरून मान वर न करता म्हणाली, "आता घ्या. आता तिचं कुठं दुखतं ते म्हाईत हाय."

ती इतक्या लवकर कशी तयार झाली कळत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

अट घातली होती: आधी उघडू, मग ठरवू. सर लगेच कबूल झाले.

लांबी काढली. खाली फायबरचे तीन थर कुजलेले, पाणी व्हिनेगरसारखं आंबट वासाचं. त्याच्या आत पक्का पांढरा फायबर लागला तेव्हा प्रविणने शीळ घातली. भोक आरपार नाही. कडा लांब उतार देऊन घासल्या, म्हणजे नवं आणि जुनं एकमेकांवर चढून बसेल. आता बल्ब लावून वाळवतोय. दहा दिवस वाळल्याशिवाय रेझिनचा थेंब लावायचा नाही. इथेच लोक घाई करतात, मूर्तीतही.

सर रोज बल्ब बघायला येतात. खुर्ची आता सावलीत असते.

३० नोव्हेंबर, रविवार

नऊ थर भरले. सर रेझिनचा डबा धरून बसले होते, थेंबही सांडला नाही. नव्या तारा आल्या. खिडकीची पट्टी बदलली. तळातले पाणी आत-बाहेर सोडायचे सगळे कॉक उघडझाक करून ग्रीस भरलं.

सगुणा मार्गशीर्षातले गुरुवार धरते. परवाच्या गुरुवारच्या पूजेत तिने शिडाची एक घडी ठेवली होती. मी म्हटलं, अगो, पूजा घातलीस? म्हणाली, "शिवण ओढून बघितली नि मंग घातली."

५ डिसेंबर, शुक्रवार

काल पुनव, आज उधाण. दुपारी दीडची भरती.

सकाळी सातला मी एकटा वाडीत गेलो. ओंजळभर नदीचं पाणी तोंडावर मारलं आणि पाठीपासून सुरुवात केली. एकेक वीत, स्वतःच्या बोटाने. दीड तास लागला, पेरं सोलली. मधल्या टेकूच्या जागी तीनदा ठोकलं. तिन्ही वेळा आजूबाजूसारखाच आवाज. कुठे जोडलंय ते कानाला सापडेना.

मग सरांच्या ओट्यावर बसून कागदांवर सह्या केल्या. सर म्हणाले, "नाव बदला हवं तर." मी म्हणालो, "मुलीचं नाव सासरी बदलतात, हिचं नको." लतिकाबाई आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

धाटावहून जितेशची क्रेन आली. त्याने कंपनीच्या टाक्या उचलल्यात, बोट पहिलीच. "काका, ही हलकी हाय," म्हणाला, "पण टाक्या उचलताना बघायला कोण येत नाय." भरती काठाला लागली तेव्हा त्याने तिला अलगद सोडली. पट्टे सैल झाले. ती तरंगली.

मी आत जाऊन तळाची फळी उचलली. तासभर तिथेच बसून राहिलो. कोपऱ्याकोपऱ्यात बोट फिरवून चाखलं. धूळ. चाखायला पाणीच नव्हतं.

वर आलो तर सगुणा काठावर. डोक्यावर गुंडाळलेली गादी, हातात पोह्यांचा डबा. मला म्हणाली, "धरा की." गादी आत नेली, झोपायच्या फळीवर पसरली. इकडे बोटभर नाही, तिकडे बोटभर नाही, नेमकी बसली. तीन गाठींची सुतळी तिच्या कमरेला होती.

मी विचारलं, "तू येतेस?"

"नाय तर काय शिडं शिवून तुमाला एकट्याला धाडू?"

उद्याच्या ओहोटीने रेवदंड्याकडे निघायचं. सर आणि लतिकाबाई तिथवर येणार, साळावचा पूल ओलांडला की डोलकाठी उभी करायला शिकवणार.

एकच काम राहिलं होतं. प्रविणने एक छोटी होडी धरली, मी तिच्यात नाळेखाली उभा राहिलो. आखणीचा बारीक ब्रश घरूनच आणला होता. श्वास रोखून आधी डावा डोळा काढला, मग उजवा. पाण्याचं तेज त्यांत हललं.

आता तिच्यावर ठोकायचं नाही.